छत्रीचं झाड आणि धरणाचा गाळ

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळत नाही. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या आणि मध्ये शहरातून आलेली गर्दी. परतीच्या वाटेवर सिंहगड रस्त्याच्या कडेला एखादी रोपवाटिका लागते आणि घरातल्या कुणाला तरी ‘एखादं झाड घेऊ या’ अशी हुक्की येते. डिकीत आडवी होऊन जी झाडं पुण्यात उतरतात, त्यात एक ठरलेलं असतं. देठाच्या टोकाला सात-आठ चकचकीत पर्णिका गोलाकार मांडलेल्या, जणू कुणी बाहुलीची छत्री उघडून ठेवली आहे. रोपवाटिकेत त्याला ‘शेफलेरा’ नाहीतर ‘अंब्रेला’ म्हणतात आणि बुटक्या जातीला ‘कॉम्पॅक्ट’. काळ्या पिशवीत तीन-चार काड्या एकत्र खोचलेल्या असतात, म्हणून ते भरगच्च दिसतं. ‘‘घेऊन जावा बिनधास्त, हे मरत नाय,’’ असं आश्वासनही वर मिळतं.

ते मरतं. निदान माझं मेलं. आषाढात आणलेलं झाड भाद्रपदात गेलं, आणि गेलं ते मी त्याला फार चांगली माती घातली म्हणून.

ती माती धरणातली होती. खडकवासल्याच्या दगडी धरणाचं काम १८६९ मध्ये सुरू झालं. ब्रिटिशांच्या कागदपत्रांत या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हटलेलं आढळतं. इतक्या जुन्या जलाशयात गाळ साठणारच. सह्याद्रीच्या उतारावरची माती दर पावसाळ्यात पाण्याबरोबर उतरते आणि पाणी संथ झालं की तळाशी बसते. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही फुटली, तेव्हा हाच चिखल पुण्याच्या पेठांतल्या घराघरांत शिरला होता. अलीकडच्या काळात निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या ‘ग्रीन थंब’ संस्थेने इथला गाळ काढण्याचं काम नेटाने केलं. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तिच्यामागचा विचारही तोच: धरण मोकळं व्हावं आणि शेताला माती मिळावी. शेतकरी हा गाळ ट्रॅक्टर भरभरून नेतात. माळरानावर त्याचा थर दिला तर पीक पालटतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. अशाच एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मी एक पोतं आणलं. ‘‘सोनं हाय सोनं,’’ ते म्हणाले होते. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पण सोनं शेतात होतं. कुंडीत त्याचा लगदा झाला. वरून माती सुकलेली दिसे, भेगाही पडत, आणि मी पाणी घाली. पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा मातीचा गोळा अखंड बाहेर आला, साच्यातून काढलेल्या मोदकासारखा. त्याला गटाराचा वास होता आणि मुळं बोटाने ओढली की साल सुटून हातात येत होती.

शेतात पाणी मुरतं तेव्हा त्याच्या खाली आणखी जमीन असते, मुरूम असतो, खालचा थर वरचं पाणी ओढून घेतो. कुंडीत पाणी तळाशी येतं आणि अडतं. भोक असलं तरी अडतं. भोकाबाहेर नुसती हवा आहे. ती काही ओढत नाही. मातीच्या बारीक फटींतलं पाणी पृष्ठताणामुळे कणांना धरून राहतं आणि वरून पुरेसा दाब आल्याशिवाय थेंब सुटत नाही. म्हणून प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक पट्टा असा असतो, जिथे पाणी निथळून गेल्यावरही माती चिंब असते. हा पट्टा किती उंच, ते कणांच्या जाडीवर ठरतं. जाड वाळूत काही बोटं. गाळात अख्खी कुंडीच.

खरं वाटत नसेल तर भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत वाट पाहा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, भोकंही तेवढीच. उंची वाढली म्हणून वरच्या पाण्याचा दाब वाढला आणि पट्ट्याला थोडं सोडून द्यावं लागलं. यातून दोन गोष्टी निघतात. उथळ, पसरट कुंडी दिसायला छान, पण ती खोल कुंडीपेक्षा ओली राहते. आणि तळाला विटांचे तुकडे, खडी घालण्याची जी पिढीजात पद्धत आहे तिचा उपयोग होत नाही, कारण ओला पट्टा त्या खडीच्या वर तसाच्या तसा बसतो. उलट मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवावी, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. पुरे.

मला हे सगळं उमजलं ते एका वेगळ्याच दारातून. खडकवासल्यात धरणाच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. सिंहगड रस्त्याने जाणारे त्याची कमान रोज पाहतात, आत काय चालतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक छोटा विभाग काढला, त्यातून ही संस्था वाढली. आत नद्या, धरणं, बंदरं यांच्या छोट्या प्रतिकृती जमिनीवर बांधतात, त्यात पाणी सोडतात आणि खऱ्या नदीला पूर आला तर काय होईल ते आधीच पाहतात. सर क्लॉड इंग्लिस यांनी या संस्थेला नाव मिळवून दिलं. पुढे इंग्लंडमध्ये वॉलिंगफर्ड इथे अशीच संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच झाले.

प्रतिकृती बांधणाऱ्यांची एक जुनी डोकेदुखी आहे. नदी शेकडो पटींनी लहान करता येते, पण पाण्याचा पृष्ठताण लहान करता येत नाही. पाणी तेच राहतं. खऱ्या नदीत ज्या ताणाची दखलही घ्यावी लागत नाही, तो बोटभर खोलीच्या प्रवाहात एकदम दादागिरी करायला लागतो. त्यावर उपाय म्हणून नद्यांच्या प्रतिकृतींत उभं माप आडव्या मापापेक्षा मोठं घेतात: लांबी-रुंदी खूप आक्रसली तरी खोली तितकी आक्रसू देत नाहीत. आता कुंडीकडे बघा. कुंडी हीही शेताची प्रतिकृतीच आहे आणि तिची डोकेदुखी तीच आहे. उपायही तोच: कुंडी खोल घ्या आणि कण जाड घ्या. शेतातली माती जशीच्या तशी कुंडीत भरणं म्हणजे मुठा नदीचा गाळ प्रतिकृतीत ओतून निकालाची वाट पाहणं.

अर्थात त्याच गाळात माझी तुळस तग धरून होती. मग छत्रीचंच झाड का गेलं? त्याचं उत्तर त्याच्या नावात आहे.

हे झाड मूळचं तैवान आणि चीनच्या हैनान बेटावरचं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ बुंझो हायाता यांनी १९१६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ‘हेप्टाप्ल्युरम आर्बोरिकोला’. आर्बोरिकोला म्हणजे झाडावर राहणारं. त्याच्या मुलखातल्या दमट रानात त्याचं बी मोठ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, तिथला पालापाचोळा आणि शेवाळ एवढीच त्याची जमीन. पाऊस पडला की मुळं न्हाऊन निघतात, तासाभरात वारा लागून कोरडी होतात. आपल्याकडे वडापिंपळाची रोपं वाड्याच्या भिंतीत किंवा माडाच्या शेंड्यावर उगवतात, त्यातलाच प्रकार, फक्त खोडी कमी. पावसाळ्यात हवा दमट असली की कुंडीतल्या झाडालाही खोडावर पारंब्या फुटतात. घाबरून कापू नका. हवाई बेटांवरच्या बोन्सायवाल्यांनी या पारंब्यांचंच सोनं केलं आहे: हातभर उंचीचा वड दिसावा असं झाड ते यातून घडवतात, आणि ते घरात टिकतं.

१९२९ मध्ये मेरिल नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाला ‘शेफ्लेरा’ या प्रजातीत हलवलं. डान्झिगचे एक वैद्य आणि वनस्पतीअभ्यासक शेफ्लर यांच्या सन्मानार्थ ते नाव पडलं होतं. रोपवाटिकांनी तेच उचललं. पण पुढे जनुकीय अभ्यासातून कळलं की शेफ्लेरा म्हणून जगभरची भलभलती झाडं एका पिशवीत कोंबलेली आहेत, आणि २०२० मध्ये आशियातल्या जातींना पुन्हा हेप्टाप्ल्युरम हे जुनं नाव मिळालं. पुण्याच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, प्राचार्य होते. पेशाने इंजिनिअर, छंदाने वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या त्यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीसूचीत सह्याद्रीतली याची एक सख्खी चुलत बहीण नोंदलेली आहे, हेप्टाप्ल्युरम व्हेन्युलोसम. घाटमाथ्याच्या दमट रानात ती मोठ्या झाडांवर चढून राहते. कुकसाहेबांचं नाव शंभर वर्षांनी पुन्हा बरोबर ठरलं.

‘अंब्रेला’ या बाजारी नावाने मात्र घोटाळे होतात, आणि त्यातला एक जीवघेणा आहे. ऑस्ट्रेलियातलं मोठं छत्रीझाड, पानं जवळजवळ परातीएवढी, ते अंगणाचं झाड आहे. घरात ते छताला टेकेल. ते सोडा. पण रोपवाटिकेत ‘अंब्रेला पाम’ म्हणून जे मिळतं ते पाम नाही आणि छत्रीझाडाचं कुणीही लागत नाही. ती लव्हाळ्याच्या कुळातली पाणवनस्पती. तिला पाय पाण्यात बुडवूनच ठेवावे लागतात. नाव ऐकून कुणी आपल्या छत्रीझाडाची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली तर पंधरा दिवसांत काम तमाम.

तर माती. मी आता दोन भाग कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, एक भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि मूठभर कोळशाचा चुरा घेतो. कोकोपीट मिठाचं निघतं, म्हणून आधी दोनदा धुऊन. भाताचं तूस मिळालं तर उत्तम. मावळ-मुळशीच्या गिरण्यांत ते मिळतं. माती घालायचीच तर तिचं प्रमाण पाचात एकापेक्षा जास्त नको. मुठीत घट्ट दाबून सोडल्यावर मिश्रण आपोआप मोकळं झालं पाहिजे, लाडू वळला तर चुकलं. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीत तांबडी चिकट माती असते, कारण टेम्पोत आडवंतिडवं झालं तरी झाड हलू नये. त्यांची अडचण रास्त आहे. आपण महिनाभराने, झाड रुळल्यावर, ती माती बोटांनी निम्मीशिम्मी सोडवून घ्यावी. सगळी धुऊन काढायच्या फंदात पडू नये, त्यात बारीक मुळं तुटतात.

पाणी किती दिवसांनी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर नाही. बोट दोन पेरं आत घाला; गार ओलं लागलं तर आज नाही. नाहीतर कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर किती जड लागते ते एकदा हाताला कळलं की बोटही घालावं लागत नाही. खडकवासल्याकडच्या हवेत तीन वेगळी गणितं आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की तीन-चार दिवसांत कुंडी हलकी होते. डिसेंबर-जानेवारीत उलटं. हवामान खात्याच्या थंडीच्या आकड्यांत एनडीए आणि हवेली ही केंद्रं बरेचदा शिवाजीनगरपेक्षा खाली असतात, आणि गार हवेत या झाडाची वाढ जवळजवळ थांबते. दहा-बारा दिवसांनी पाणी घातलं तरी चालतं. रात्री खिडकीच्या जाळीला टेकलेली कुंडी हातभर आत घ्यावी.

झाडं मरतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, हवेत इतकी ओल असते की कपडे वाळत नाहीत. कपडे वाळत नसतील तर कुंडी कशी वाळेल? दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच राहिला तर त्या आठवड्यात पाण्याचा तांब्या हातात घेऊ नये, एवढी साधी खूण मी पाळतो. आणि पाऊस चांगला म्हणून झाड बाल्कनीत भिजायला ठेवणाऱ्यांनी निदान ताटली काढून ठेवावी.

उजेडाबाबत आपले डोळे आपल्याला फसवतात. बाहेर कडक उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, खिडकीपाशी काही हजार, आणि खोलीच्या मधोमध, जिथे आपण आरामात पेपर वाचतो, तिथे काहीशे. बाहुली मोठी करून डोळा सगळं सारखंच दाखवतो. पानाला ती सोय नाही. रोपवाटिकेत हे झाड हिरव्या शेडनेटखाली भरपूर उजेडात वाढलेलं असतं. घरात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते पानं टाकतं, कारण इतक्या पानांचा संसार नव्या मिळकतीत चालत नाही. फ्लोरिडातल्या अपॉप्का इथल्या संशोधन केंद्रात चार्ल्स कॉनोवर आणि रिचर्ड पूल यांनी १९७०च्या दशकात यावर भरपूर काम केलं: झाड विकण्याआधी काही आठवडे सावलीत सरावलं तर घरात पानगळ खूप कमी होते. आपल्याकडे हे सरावणं ग्राहकालाच करावं लागतं. आधी बाल्कनीत, मग खिडकीत, मग हवं तिथे. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पिवळ्या ठिपक्यांच्या जातींना जास्त उजेड लागतो, कारण पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य नाममात्रच असतं. अंधारात त्या हळूहळू हिरव्या होत जातात.

‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावर फार विसंबू नका. बुटक्या जातीत दोन पानांमधलं अंतर मुळात कमी असतं हे खरं, पण उजेड कमी पडला की तीही मान लांबवते आणि वर्षभरात गुडघ्याएवढं गुटगुटीत झाड कमरेएवढं किडकिडीत होतं. जमिनीत लावलं तर ते दहा-पंधरा फूट सहज जातं, हे विसरू नये. सोसायट्यांच्या कुंपणाला तेच झाड कात्रीखाली ठेंगणं राहिलेलं तुम्ही पाहिलंच असेल. तेव्हा कात्री लावा. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो; तो खुडला की दोन-तीन डोळे एकदम जागे होतात. होळीनंतर छाटावं, म्हणजे पुढची सगळी उष्ण महिन्यांची वाढ पदरात पडते. जूनमध्ये छाटलं तर काड्या वाया जात नाहीत: वीतभर काडी, वरची दोनच पानं ठेवून, कोकोपीटमध्ये खोचली की पावसाळी हवेत बहुधा रुजते. चीक हाताला लागू देऊ नका, काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यावर तोंडाची आग होते. घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर.

किडींचं थोडक्यात. उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. झाड न्हाणीघरात नेऊन नळाखाली पानं मागूनपुढून धुवा, आठवड्यातून एकदा, असं तीन आठवडे. बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा आणि मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल, चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारावं.

हे झाड घरातली हवा शुद्ध करतं असं विकणारे सांगतात, समाजमाध्यमांवर तर ‘नासा’ची साक्ष काढतात. नासासाठी बिल वुल्व्हर्टन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग बंद पेटीतले होते. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. खिडक्या-दारांतून हवा जेवढी बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. एवढी झाडं ठेवली तर माणसाने कुठे राहायचं? हवा हवी असेल तर खिडकी उघडा. धरणावरून येणारा संध्याकाळचा वारा फुकट आहे. झाड ठेवायचं ते बघायला बरं वाटतं म्हणून, आणि ते कारण पुरेसं आहे.

उरलेलं गाळाचं पोतं मी त्याच शेतकऱ्याला परत दिलं; त्यांनी वांग्यांना घातलं. दुसरं झाड आणलं त्याला आता सातवं वर्ष आहे, गेल्या श्रावणात त्याच्या खोडाला तीन पारंब्या फुटल्या. तुमच्या घरी हे झाड असेल तर आत्ता उठा आणि कुंडीखालची ताटली बघा. पाणी साचलेलं असेल तर ओतून द्या.